टोकायचे आसू

"कुठे आहेस?" आईने फोनवर विचारलं.

"टोकाय."

"कुठल्या टोकाला?"

बुडापेस्टच्या केलेती स्टेशनातून अडीच-पावणेतीन तास गाडीत बसलं की बोद्रोग आणि तिसा या नद्यांच्या संगमावर हे गाव लागतं. संगम म्हटल्यावर आईला बरं वाटलं. तिने देऊळ विचारलं. मी रेंज गेल्याचं नाटक केलं, कारण इथलं तीर्थ निराळं. १८२३ साली लिहिलेल्या हंगेरीच्या राष्ट्रगीतात चक्क देवाला म्हटलंय, टोकायच्या द्राक्षवेलींवर तू अमृत ठिबकवलंस. आपण दारूचं नाव काढताना आवाज खाली आणतो. हे लोक ते थेट राष्ट्रगीतात घालतात.

वाइनच्या तळघराचं दार इतकं बुटकं की आत शिरतानाच माझं कपाळ लागलं. आत थंडगार, आणि भिंतींवर काळी, मऊ, लोकरीसारखी बुरशी. "ही वाइनच्या वाफेवर जगते," मालकीणबाई लाडाने म्हणाल्या. आमच्या स्वयंपाकघरात एवढीशी ओल आली तर माझी बायको सोसायटीच्या सेक्रेटरीला झोपू देत नाही. इथे मात्र भिंतीवरून हात फिरवून "किती छान!"

पुढे कळलं की द्राक्षंही बुरशीचीच. शरद ऋतूत नद्यांवरून धुकं येतं, द्राक्षांना बुरशी लागते, पाणी आटून ती सुरकुततात आणि साखर घट्ट होते. मग एकेक दाणा हाताने खुडायचा. पंचवीसेक किलोची पाठीवरची टोपली म्हणजे पुत्तोन्य. १३६ लिटरच्या पिंपाला अशा किती टोपल्या घातल्या, त्यावरून पूर्वी वाइनचा गोडवा मोजायचे. त्या वाइनचं नाव 'आसू'. किमतीची पाटी वाचली आणि नावाचा अर्थ लागला.

खरा प्रसंग पुढेच होता, वाइन चाखण्याचा. प्रत्येक जोडप्यासमोर एक बादली आली. थुंकायला! घोट घ्यायचा, तोंडात खळखळवायचा, बादलीत टाकायचा आणि चेहरा विचारी करायचा. शेजारचं डच जोडपं तर इतक्या सफाईने पिचकारी मारत होतं की आमच्या बसस्टँडवरच्या लोकांनी शिकून घ्यावं.

माझं काम सोपं होतं. डॉक्टरांनी साखर बंद केलेली, तेव्हा थुंकणं हेच पथ्य. मी बादली पुढे ओढली.

"अहो, माणशी पैसे मोजलेत," ही दबक्या आवाजात म्हणाली.

"पण शुगर..."

हिने मालकीणबाईंना विचारलं. लिटरला किमान १२० ग्रॅम. "म्हणजे पन्नास मिलीत सहा ग्रॅम. दीड चमचा. तेवढी तुम्ही चहात चोरून घालताच."

तीस वर्षांच्या संसारात ही चोरी तिला ठाऊक आहे हे मला टोकायला कळलं. मी गिळलं. आधीची फुरमिंत नावाची कोरडी, म्हणजे गोड नसलेली वाइनही गिळली, नंतरची हार्शलेवेल्यूही. डच बाईंना त्यात ओला दगड लागला, त्यांच्या नवऱ्याला जर्दाळू. मालकीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी "द्राक्ष" म्हणालो. त्यांनी फार समजुतीने मान हलवली.

शेवटी एसेन्सिया. त्या बुरशीच्या द्राक्षांच्या ढिगातून, कुणी न दाबता, आपल्याच भाराने ठिबकणारा रस. लिटरला साडेचारशे ग्रॅमच्या वर साखर, म्हणून पेला नाहीच, चमचा. बाळघुटी घ्यावी तसा मी आ केला.

"काकवी!" दोघंही एकदम ओरडलो. काकवीला आंबटपणाची अशी धार नसते, पण त्या क्षणी दुसरा शब्दच आठवेना. मालकीणबाईंनी तो दोनदा म्हणवून घेतला आणि वहीत लिहिला. हिने चमचा चाटून इतका लख्ख केला की त्यात तळघराचा दिवा दिसत होता.

निघताना पाहिलं तर पोऱ्या सगळ्यांच्या बादल्या नळाखाली विसळत होता. आमची त्याने उचलली, आत डोकावलं, आणि तशीच कोरडी फळीवर ठेवून दिली.