‘धुतलेल्या’ बाटल्यांच्या तक्रारीला दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही दोनच स्टार दिलेत, आणि गेलेल्या तीनपैकी दोन आमच्यामुळे गेले हे कबूल. तुमचं म्हणणं असं: 24 तपकिरी बाटल्या ‘धुतलेल्या’ म्हणून घेतल्या, काहींच्या तळाला काळं निघालं. दुकानातल्या मुलाने फोनवर सांगितलं म्हणून उकळतं पाणी ओतलं, दोन तडकल्या. उरलेल्यांतली जिंजर बिअर (आल्याचं फसफसतं गोड पेय) आठवड्यात आंबली आणि एकीचं झाकण उडालं.

परत दिलेली बाटली मी ट्यूबलाइटसमोर धरून पाहिली. वरून लख्ख, पण तळाशी काच वळते त्या कडेला नखाएवढी काळी रेघ. बुरशीच ती. कोणी दोन घोट तळाला ठेवून बाटली गॅलरीत टाकून दिली की हे होतं. गोणीतून आलेला माल आम्ही सोड्याच्या पाण्यात रात्रभर बुडवतो, लेबलं काढतो, ब्रश मारतो. सरळ ब्रश त्या कडेला पोचत नाही, आणि नंतर कोणी बघितलं नाही. माझे वडील प्रत्येक बाटली उन्हाकडे धरून एक डोळा मिटून बघायचे. आम्ही पोरं हसायचो. आता पाटीवर ‘लेबल काढलेल्या, भरण्याआधी धुवा’ असं लिहिलंय.

उकळत्या पाण्याचा सल्लाही चूकच. गार काचेला एकदम चटका बसला की ती जाते. कोमट पाण्यात लिटरला चमचाभर धुण्याचा सोडा (खायचा नाही) घालून बाटल्या रात्रभर बुडवा, टोक वाकवलेला ब्रश तळाला फिरवा, तीनदा खळखळून काढा. मग पाणी ओतून बाटली उलटी करा. आतून पाणी सलग उतरलं तर काच स्वच्छ, थेंब चिकटून राहिले तर अजून तेलकटपणा आहे.

तुमच्या फोटोतला पांढरा धुरकटपणा मात्र आमचा नाही. तुमच्याकडे टँकरचं पाणी येतं असं तुम्हीच लिहिलंय. जड पाण्यात सोडा पडला की क्षार काचेवर बसतो. लिंबूसत्व घातलेल्या पाण्याने निघेल. फक्त ब्लीच वापरलं असेल तर त्यात लिंबूसत्व किंवा व्हिनेगर चुकूनही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

बाटल्यांच्या, न धुता वापरायच्या सॅनिटायझरचा (हाताला लावायचं ते नव्हे) फेस बघून तुम्ही बाटल्या पुन्हा नळाखाली धरल्यात. मोजून पातळ केलेल्या त्या द्रावणाचा फेस आत राहिला तरी चालतो, त्यावरच भरायचं. नळाखाली धरलं की जंतू मारायची मेहनत वाया. म्हणून आंबण्याचा सगळा दोष त्या काळ्या रेघेचा, असं मी म्हणणार नाही.

आणि झाकण उडालं ते मी घेणार नाही. गोड जिंजर बिअर यीस्ट जिवंत असताना भरली आणि आपल्या उकाड्यात बाहेर ठेवली, तर वायू कुठे जाणार? झाकणच गेलं हे नशीब, काच फुटली असती. पुढच्या वेळी त्याच घाण्यातली एक प्लास्टिकची बाटली भरून सोबत ठेवा. ती दाबून दगडासारखी लागली की सगळ्या फ्रिजमध्ये.

शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘पुढे खरी बिअर करणार होते.’ ताई, 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य बनवणं आपल्याकडे गुन्हा आहे. त्याबाबत मला काही विचारू नका, मी बाटल्या विकतो.

तुमच्यासाठी 24 बाटल्या वेगळ्या काढून ठेवल्यात. तळ मी स्वतः बघितलेत, तोंडाच्या कडेवरून बोटही फिरवलंय, कुठे टवका नाही. पैसे द्यायचे नाहीत, बिल नसलं तरी चालेल. सोमवारी दुकान बंद असतं.