बिल्डिंगचं नावच तासून टाकलं!

काल संध्याकाळी परांची उतरली. दोन महिने हिरव्या जाळीआड राहिलो, सिमेंटची धूळ खाल्ली, कपडे घरातच वाळत घातले. म्हटलं, होऊ दे एकदाचं. जाळी निघाली तेव्हा मी भाजीची पिशवी घेऊन खाली उभी. वर बघितलं तर नाव गायब!

जिन्याच्या उभ्या पट्टीवर, एकाखाली एक, सिमेंटमध्ये उठवलेली अक्षरं होती. खाली १९३८. माटुंग्यात आमच्या घरचा पत्ता विचारत येणाऱ्याला नंबर कधी सांगावाच लागला नाही. ती अक्षरं छिन्नीने तासली, वर गिलावा, पुट्टी आणि राखाडी रंग. राखाडीसुद्धा कसला, लादी पुसून पिळलेल्या फडक्याचा. मधून एक चॉकलेटी पट्टा, मोबाईलच्या दुकानाला शोभेल असा. छज्ज्यांखाली तीन-तीन आडव्या रेघा होत्या, त्याही बुजवल्या. त्या रेघांनी कुणाचं काय घोडं मारलं होतं?

सेक्रेटरींना गाठलं. म्हणतात, "ताई, त्या अक्षरांवर कबुतरं बसायची. आता बघा कसा मॉडर्न लुक आलाय. शिवाय एलईडी बोर्ड लावतोय ना!"

कबुतरं! माझ्या एसीवर रोज संमेलन भरतं त्यांचं. मग मलाही तासा की!

आणि हेच आमचे सेक्रेटरी पाहुणे आले की त्यांना मरीन ड्राइव्ह दाखवायला नेतात. तिथल्या आणि ओव्हल मैदानाच्या पश्चिमेच्या आर्ट डेको शैलीच्या इमारती २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या, त्याचं केवढं कौतुक. अहो, तोच गोल कोपरा, तोच भुवईसारखा छज्जा, तीच अक्षरं आपल्याकडे होती! पण समुद्रासमोर असली की वारसा आणि माटुंग्यात असली की 'जुनी बिल्डिंग'. तो छज्जा नुसता शोभेचा नव्हता हो. ऊन अडवायचा, पाऊस अडवायचा. जुलैत खिडकी उघडी ठेवून झोपलोय आम्ही.

समोरच्या टॉवरला छज्जा-बिज्जा काही नाही. काच. मुंबईच्या उन्हात काच! आतले लोक दिवसभर एसी लावून बसतात आणि चार वाजता त्यांचा सूर्य माझ्या स्वयंपाकघरात येतो. पोळ्या करताना गॉगल घालायचा बाकी आहे. खालचे सात मजले गाड्यांचे. रस्त्यावरून वर बघावं तर पत्र्याच्या झडपा. कुणी गॅलरीतून "ओ भाजीवाले" म्हणत नाही, कुणी मिरवणूक बघायला वाकत नाही. गाड्या वाकून बघणार आहेत का? आणि नाव काय, तर परदेशातल्या कुठल्याशा राजवाड्याचं. दारात दोन रोमन खांब. त्यांच्यावर काही टेकलेलं नाही, नुसते पहारेकऱ्यासारखे उभे.

गॅलरीची तर कथाच वेगळी. मुंबईत इमारतीचा चेहरा आर्किटेक्ट काढतो असं कुणाला वाटत असेल तर वाटू दे, तो एफएसआय काढतो, म्हणजे प्लॉटवर किती बांधकाम करता येईल त्याचं सरकारी गणित. फ्लॉवर बेड, म्हणजे खिडकीबाहेरचा फुलझाडांचा कट्टा, एफएसआयमध्ये धरत नव्हते तेव्हा बिल्डरांना फुलांचं केवढं प्रेम! घराघराला फ्लॉवर बेड, आणि ताबा मिळाला की तो हॉलमध्ये गुडुप. एक झेंडू उगवला नाही. २०१२ साली गॅलरी, फ्लॉवर बेड सगळं हिशेबात धरलं आणि बदल्यात ३५ टक्के 'फंजिबल', म्हणजे हवा तिथे वापरता येणारा जादा एफएसआय दिला, तेव्हा फुलांचं प्रेमही आटलं आणि गॅलरीही. उरली सपाट भिंत. मग तिच्यावर 'एलिव्हेशन' म्हणून पत्र्याच्या पट्ट्या चिकटवायच्या.

पूर्वी डोळ्यांची पट्टी सोडून उभं केलं की कळायचं, या लाकडी गॅलऱ्या म्हणजे गिरगाव, हे बंगलेवजा ऐसपैस म्हणजे पारशी कॉलनी. आता ठाणं की पनवेल की पुण्याचं वाकड? सगळीकडे तेच बेज-चॉकलेटी खोकं. मागच्या महिन्यात नणंदेकडे जाताना मी चक्क भलत्याच टॉवरच्या लिफ्टमध्ये शिरले होते. नवव्या मजल्यावर अनोळखी माणसाने दार उघडलं, चहा विचारला. तो भला होता, मुद्दा तो नाही.

रात्री हे सगळं लेकीला तावातावाने सांगितलं. ती मला घेऊन खाली गेली, समोरच्या फुटपाथवर उभं केलं आणि म्हणाली, "आई, आता वर बघ. सगळ्यात घाण खिडकी कुठली?"

दुसरा मजला, डावीकडची. गोल गॅलरी ॲल्युमिनियमच्या स्लायडिंगने बंद. पुढे बॉक्स ग्रिल. ग्रिलमध्ये फुटकी बादली, दोन पोछे, वाळलेली तुळस आणि २०१४ च्या गणपतीच्या मखराचा थर्माकोल. शेजारी एसीचा ठोकळा आणि त्याच्या पाण्याचा नव्या राखाडी रंगावर आत्ताच उतरलेला ओघळ.

आमचीच. हिच्या दहावीच्या अभ्यासाला जागा हवी म्हणून गॅलरी मीच बंद करून घेतली होती. त्या सुताराशी दोनशे रुपयांसाठी घासाघीससुद्धा केली होती.

बरं, रंगाच्या सर्क्युलरवर सही कुणाची? माझीच. पान तीनवर स्पष्ट लिहिलंय, 'दर्शनी भागावरील नक्षीकाम व अक्षरे काढून पृष्ठभाग समतल करणे.' कुकरची तिसरी शिट्टी होत होती, मी दारातच सही ठोकली.

आज सकाळी नवीन सर्क्युलर आलंय. एलईडी बोर्डाची वर्गणी. गॅस बंद केलाय, चष्मा लावलाय. पहिल्याच ओळीत 'जांभळा प्रकाश' आहे.