लाल शाई आणि दुसरा खर्डा

नमस्कार. निबंध शिकवताना एआय वापरण्याबद्दलच्या माझ्या मागच्या लेखावर तुम्ही लिहिलंत: "सर यंत्राकडून तपासून घेणार, मुलं यंत्राकडून लिहून आणणार, मग वर्गात उरलं कोण? आम्ही लाल शाईने भरलेल्या वह्यांवरच लिहायला शिकलो." शिवाय नक्कल पकडायला डिटेक्टर, म्हणजे मजकूर एआयने लिहिलाय का ते ओळखणारं साधन, का वापरत नाही, असंही विचारलंत.

अर्धा मुद्दा मान्य. गुण देण्याचं काम एआयकडे सोपवूच नये. तोच निबंध दुसऱ्यांदा दिला की गुण बदलू शकतात, गुळगुळीत भाषेला आणि लांबीला ते भुलतं, आणि "माझे तीन गुण कुठे गेले?" असं मुलाने विचारलं तर जबाबदारीने उत्तर देणारं कोणी नसतं. मागच्या लेखात हे स्पष्ट लिहायला हवं होतं.

पण लाल शाईचाही हिशेब मांडून बघा. मुंबईतल्या कॉलेजात एका तुकडीत ८० मुलं धरा. ४०० शब्दांचा निबंध वाचून नीट शेरे लिहायला १० मिनिटं. म्हणजे एका खर्ड्याला ८०० मिनिटं, १३ तासांच्या वर. अशा तीन तुकड्या असल्या की एकच खर्डा तपासून होतो, तोही सत्र संपता संपता, आणि शेऱ्यांसोबत गुणही हातात पडतात. गुण दिसल्यावर शेरे कोण वाचतो? लिहिणं सुधारतं ते दुसऱ्या खर्ड्यात, आणि वेळापत्रकात नेमका तोच बसत नाही. एआयला जागा द्यायचीच तर ती या दोन खर्ड्यांच्या मधे. आधी नाही, नंतर नाही.

पहिला खर्डा वर्गातच, हाताने, ४० मिनिटांत, साधारण २५० शब्दांचा. फोन दप्तरात. मग घरी तो मुलाने स्वतः टाइप करायचा, चुकांसकट. बोलून टाइप केलं तर कीबोर्ड आपल्या मर्जीने शब्द बदलतो. कागदाचा फोटो दिला तर देवनागरी हस्ताक्षर लागलं नाही की यंत्र अंदाजाने शब्द भरून मोकळं होतं. म्हणून दोन्ही नकोत.

खर्ड्यासोबत द्यायची सूचना अशी: "फक्त तीन प्रश्न विचार. प्रत्येक प्रश्नाआधी माझं मूळ वाक्य जसंच्या तसं लिही. एकही वाक्य सुधारून देऊ नकोस. स्तुती नको." यातला मूळ वाक्याचा आग्रह सगळ्यात कामाचा. तो नसला की "आणखी उदाहरणं द्या" छापाचे सल्ले येतात, जे जगातल्या कुठल्याही निबंधाला चिकटतात. वाक्य समोर ठेवावं लागलं की प्रश्न त्या वाक्याला बांधला जातो. कधी कधी यंत्र खर्ड्यात नसलेलंच वाक्य मुलाच्या नावावर खपवतं. तेही कागदावर बोट ठेवून पकडता येतं. संभाषण लांबलं की मात्र ते सूचना विसरून अख्खा परिच्छेद लिहून देऊ लागतं, त्यामुळे एकच फेरी.

आता प्रत्येक प्रश्नाखाली मुलाने एक ओळ लिहायची: मानला की नाकारला, आणि का. एक तरी नाकारलाच पाहिजे. नियम विचित्र वाटेल, पण तो नसला तर तिन्ही प्रश्न मुकाट मानले जातात. दुसरा खर्डा पुन्हा वर्गात, हाताने, ५० मिनिटांत, पहिला खर्डा आणि हा कागद समोर ठेवून. २० गुण असतील तर पहिल्या खर्ड्याला ४, कारणांना ६, दुसऱ्याला १०. शिक्षकाने कारणं आधी वाचायची. दुसऱ्या खर्ड्यात कुठे बघायचं ते त्यातून कळतं, आणि लाल शाई तिथे चालवायची. घरून पाठ करून येणारा एखादा निघेलच. तो गाइडांच्या काळातही होता.

डिटेक्टरचं मात्र सरळ नाही. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचा डिटेक्टर जानेवारी २०२३ मध्ये आणला आणि अचूकता कमी म्हणून जुलैत बंद केला. त्यांच्याच आकड्यांनुसार तो एआयने लिहिलेल्या मजकुरापैकी २६ टक्केच ओळखत होता, आणि माणसाने लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर खोटा आळ घेत होता. ८० प्रामाणिक मुलांच्या वर्गात हे सातजण झाले. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांसाठी असलेल्या टोफेल परीक्षेचे, माणसांनीच लिहिलेले ९१ निबंध सात डिटेक्टरांना दिले, तेव्हा सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरले. कारण साधं आहे: पुढचा शब्द सहज ओळखता आला की डिटेक्टरला यंत्राचा वास येतो, आणि परक्या भाषेत लिहिणारा माणूस ओळखीचेच शब्द वापरतो. मराठी माध्यमातून येऊन इंग्रजीत जपून लिहिणारी मुलगी यात पहिली अडकणार.

मराठी लेखनात आणखी एक भानगड. या साधनांच्या मराठीत हिंदी-इंग्रजीचा गाळ असतो: "च्या माध्यमातून", "प्रदान करते", "महत्त्वपूर्ण भूमिका बजावते". मूल संवादात "विंडो सीट भेटली" लिहितं, यंत्र विचारतं, "मिळाली" हवं का? निवेदनात ते बरोबर, पण बोरिवली लोकलमधल्या पात्राच्या तोंडी "मिळाली" घातलं की ते पात्र लगेच बातम्या वाचायला लागतं. नाकारायला याहून चांगला प्रश्न मिळणार नाही. शुद्धलेखनाला तर यंत्र नकोच. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १८ नियम छापून वाटावेत आणि मुलांनी एकमेकांचे कागद तपासावेत.

नाव, रोल नंबर, घरचा तपशील यंत्रात जाऊ द्यायचा नाही. पहिल्या वर्षाला काही मुलं अठराच्या आतली असतात. त्यांना स्वतःचं खातं उघडायला लावण्यापेक्षा शिक्षकाने आपल्या खात्यावरून प्रश्न काढून छापून द्यावेत. काम वाढतं, हे कबूल.

आणि सत्राचे पहिले तीन आठवडे तुमचीच पद्धत बरी: वही, लाल शाई, एका वेळी एकच परिच्छेद. आपलं वाक्य कुठे लंगडतं हे एकदाही न पाहिलेल्या मुलाला यंत्राचा प्रश्न नाकारता येत नाही.