दीड हजार गुणिले एकशे चाळीस कोटी

पावसाळा तोंडावर आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ठरावीक फॉरवर्ड उगवतात. यंदाचा तिघांनी टाकला, त्यातले दोघे एकाच मजल्यावर राहतात. मजकूर थोडक्यात असा: फ्लूची लस दुकानात दीड हजाराला मिळते, देशाची लोकसंख्या १४० कोटी, म्हणजे राष्ट्रीय लसीकरण काढलं तर २ लाख १० हजार कोटी रुपये लागणार, आणि तेही दरवर्षी. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाचं अख्खं बजेट १ लाख कोटींच्या आसपास. शिवाय दरवर्षी नवी लस ही कंपन्यांची चाल, अमेरिकेनं १९७६ मध्ये यात हात पोळून घेतले, आणि फ्लू म्हणजे शेवटी सर्दीच. तेव्हा मागणी करणाऱ्यांनी गप्प बसावं.

गुणाकार बरोबर आहे, मी कॅल्क्युलेटरवर करून पाहिला. गुणायला घेतलेले दोन्ही आकडे मात्र चुकीचे आहेत.

आधी दीड हजार. ही खासगी दवाखान्यातली छापील किंमत. सरकार लस छापील किमतीला घेत नाही, आणि हे आपण नुकतंच पाहिलंय. जून २०२१ मध्ये खासगी रुग्णालयांसाठी कोव्हिशील्डची कमाल किंमत ७८० रुपये ठरली: ६०० लशीचे, ३० जीएसटीचे, १५० सेवाशुल्काचे. तीच लस केंद्र सरकारनं आधी २०० आणि मग १५० रुपयांना घेतली होती. कारखानाही तोच, आपल्या पुण्यातला. बाळांना न्यूमोनियापासून वाचवायला देतात ती न्युमोकोकल लस खासगीत हजारोंच्या घरात जाते, पण सरकारी केंद्रात ती आज फुकट टोचतात आणि सरकार ती त्या भावानं अर्थातच घेत नाही. फ्लूच्या लशीचंही तसंच. लॅटिन अमेरिकेतले देश ती पॅन अमेरिकन हेल्थ ऑर्गनायझेशनमार्फत एकत्र मिळून विकत घेतात आणि एका डोसला काही मोजके डॉलर मोजतात. आपल्याकडे कुणी एवढी मोठी ऑर्डरच देत नाही, म्हणून दुकानातला भाव हाच एकमेव भाव वाटतो.

आता १४० कोटी. सगळ्यांना टोचा, असं इथे कोण म्हणतंय? जागतिक आरोग्य संघटनेची यादी बघा: आरोग्य कर्मचारी, गरोदर स्त्रिया, वयस्कर माणसं, मधुमेह, दमा, हृदयविकार असे जुने आजार असलेले लोक, आणि देशाला परवडेल तशी लहान मुलं. आपल्याकडे सरकारी लसीकरण कार्यक्रमात दरवर्षी सुमारे २ कोटी ९० लाख गरोदर स्त्रिया धरलेल्या असतात. डोसचा घाऊक भाव ३०० रुपये धरला (हा माझा अंदाज, पण लॅटिन अमेरिकेच्या भावाला धरून) तर त्यांच्या लशीचे ८७० कोटी होतात. फॉरवर्डमधल्या आकड्याच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. महाराष्ट्र सरकारनं २०१५ पासून गरोदर स्त्रिया आणि इतर जोखमीच्या लोकांना ही लस मोफत, ऐच्छिक स्वरूपात द्यायला घेतली, तेव्हा राज्याच्या लोकसंख्येनं काही गुणलं नव्हतं.

इथवर फॉरवर्ड खर्च फुगवतो. गंमत म्हणजे खरा खर्च जिथे आहे, तिथे तो एक पैसाही धरत नाही.

लस कुपीतून दंडात जायला पैसे लागतात. इंग्लंडमध्ये २०२०-२१ च्या हंगामात फ्लूची लस टोचल्याबद्दल डॉक्टरांच्या दवाखान्याला दर डोसमागे १०.०६ पौंड मिळत होते, लशीची किंमत वेगळी. आपल्याकडे हे काम एएनएम (आरोग्यसेविका) आणि आशाताईंच्या खांद्यावर पडतं, त्यामुळे हिशेबात दिसत नाही, इतकंच. खासगीत मिळते ती एका डोसची भरलेली सिरिंज. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या आयएलआरमध्ये, म्हणजे लशींच्या खास फ्रीजमध्ये, ती फार जागा खाते, म्हणजे दहा डोसांच्या कुप्या घ्यायच्या किंवा फ्रीज वाढवायचे. लस २ ते ८ अंशांत ठेवायची, गोठली तर फेकायची. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस लागतात, म्हणजे त्याच्या घरी दोनदा जायचं.

वेळेचं गणित तर आणखी अवघड. युरोपात फ्लू हिवाळ्यात येतो, तिकडे ऑक्टोबरमध्ये टोचलं की झालं. पुण्या-मुंबईत तो मुख्यतः पावसासोबत येतो, श्रीनगरमध्ये जानेवारी ते मार्चमध्ये. एकाच देशात दोन हंगाम, म्हणजे एका खरेदीत भागत नाही. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर डोस एप्रिल-मेमध्ये दंडात जायला हवा, कारण प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन आठवडे लागतात. आणि एप्रिल-मे म्हणजे उन्हाचा कहर, लोडशेडिंग, सुट्ट्या, गावाला गेलेली माणसं. टेंडर दोन महिने लांबलं की लस ऑगस्टमध्ये पोचते. उरलेला साठा पुढच्या वर्षी चालत नाही, तो नष्ट करायचा, आणि नष्ट करायलाही पैसे पडतात. फ्लू कार्यक्रमाचा पैसा बुडतो तो इथे. कुणाला हा कार्यक्रम महाग आहे असं म्हणायचंच असेल, तर हे मुद्दे घेऊन म्हणावं. मी त्याच्याशी भांडायला जाणार नाही.

“दरवर्षी नवी लस ही कंपन्यांची चाल.” विषाणू स्वतःचं बाह्यरूप बदलत राहतो, त्यामुळे जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी, लशीत काय असावं ते सुचवते. नुसती चाल असती तर लशीतले घटक वाढतच गेले असते. झालंय उलटं. बी-यामागाता नावाचा फ्लूच्या विषाणूचा प्रकार मार्च २०२० नंतर जगात कुठे खात्रीशीर सापडलेला नाही, म्हणून सप्टेंबर २०२३ मध्ये संघटनेनं तो लशीतून वगळायला सांगितलं. चार घटकांची लस पुन्हा तीन घटकांवर आली.

या मुद्द्यात एक तथ्य आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. यंदा कोणता विषाणू फिरणार हा अंदाज जुळला तर लस साधारण ४० ते ६० टक्के परिणामकारक ठरते. चुकला तर २०१४-१५ सारखं होतं. त्या हंगामात अमेरिकेत हा आकडा १९ टक्क्यांवर आला. खर्च तेवढाच, फायदा निम्म्याहूनही कमी. गोवरासारखं दोन डोस दिले की मोकळे, असं इथे नाही.

१९७६ चं उदाहरण मुळात हंगामी फ्लूचं नाहीच. न्यू जर्सीतल्या फोर्ट डिक्स लष्करी तळावर नवा स्वाइन फ्लू सापडला, एक सैनिक दगावला, आणि महासाथ येणार या धास्तीनं अध्यक्ष फोर्ड यांनी सगळ्या देशाला लस द्यायची ठरवलं. तिथल्या संसदेनं, म्हणजे काँग्रेसनं, १३.५ कोटी डॉलर मंजूर केले. विमा कंपन्यांनी हात वर केल्यावर नुकसानभरपाईची जबाबदारीही सरकारनं घेतली. ४ कोटींहून जास्त लोकांना टोचलं. साथ आलीच नाही. दर लाखामागे अंदाजे एक जादा गियाँ-बारे सिंड्रोमचा (नसांवर हल्ला करून हातपाय लुळे पाडणाऱ्या आजाराचा) रुग्ण दिसला आणि डिसेंबरात कार्यक्रम गुंडाळला. धडा आहे तो घाईचा आणि भरपाईचा. दरवर्षीच्या लसीकरणाचा ताळेबंद त्यावरून मांडता येत नाही.

“फ्लू म्हणजे सर्दीच.” हे पुण्यात बसून लिहायचं म्हणजे कमाल आहे. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू याच शहरात झाला. शाळा आणि सिनेमागृहं बंद होती, नायडू हॉस्पिटलबाहेर तोंडाला रुमाल बांधून रांगा लागल्या होत्या. त्या रांगेत उभे राहिलेले आमच्या ग्रुपवर निदान चारजण आहेत.

आता दुसऱ्या बाजूचं. या फॉरवर्डला उत्तर म्हणून कुणीतरी लिहिलं, “लसीकरणानं उलट सरकारचे पैसे वाचतात.” हेही सरसकट खरं नाही. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतानं २००० मध्ये सहा महिन्यांवरच्या सगळ्यांसाठी फ्लूची लस मोफत केली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, फक्त जोखमीच्या गटांना लस देण्यापेक्षा हा कार्यक्रम दुप्पट खर्चाचा ठरला, म्हणजे वर्षाला २ कोटी डॉलर जादा. फ्लूचे रुग्ण ६१ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी घटले. उपचारांवरचे ७८ लाख डॉलर वाचले. म्हणजे सव्वा कोटीच्या आसपास खिशातून गेलेच. त्या बदल्यात निरोगी आयुष्याचं एकेक वर्ष सुमारे १०,८०० डॉलरना पडलं, आणि तिथल्या मापानं तो सौदा स्वस्त.

जपाननं तर १९६० च्या दशकापासून शाळकरी मुलांनाच टोचलं होतं. १९८७ मध्ये सक्ती सैल झाली, १९९४ मध्ये कार्यक्रम थांबला, आणि मग लक्षात आलं की मुलांच्या लशीमुळे म्हातारी माणसं वाचत होती. २००१ च्या एका अभ्यासात हिशेब निघाला तो साधारण ४२० मुलांमागे एक मृत्यू टळत असल्याचा.

तेव्हा कुणाला द्यायची आणि कुणापासून सुरुवात करायची, यावर वाद व्हायला हवा. २०११ च्या जनगणनेत साठीपुढचे लोक १० कोटींहून जास्त होते. त्यांच्या लशीचे ३ हजार कोटी एकवेळ धरता येतील, पण त्यांना दरवर्षी ठरलेल्या महिन्यात केंद्रावर आणणारी व्यवस्थाच आपल्याकडे नाही, ती शून्यापासून उभी करावी लागेल. गरोदर स्त्रियांचं तसं नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला त्या तपासणीसाठी सरकारी दवाखान्यात येतातच, धनुर्वाताचं इंजेक्शन तिथेच घेतात. टेबल आहे, सिस्टर आहे, कार्ड आहे, फ्रीजही आहे.