उतार आहे, पण कुठे?

गोल्फमध्ये चेंडू अडीचशे मीटर लांब भिरकावणाऱ्यांचा मला कधी धाक वाटला नाही. धाक वाटतो तो पट मारायच्या आधी, म्हणजे चेंडू हळूच होलकडे घरंगळवायच्या आधी, होलपासून दोन मीटरवरच्या चेंडूमागे उकिडवं बसून 'उजवीकडून डावीकडे, एक कप' (म्हणजे होलच्या रुंदीइतकं वळण) असं पुटपुटणाऱ्यांचा. त्याच जागी मी बसलो की मला गवत दिसतं, तेही सपाट.

होल 108 मिलिमीटरचं, चेंडू जेमतेम 43 चा. म्हणजे अडीच चेंडू मावतील इतकी ऐसपैस जागा! पण पाणी साचू नये म्हणून ग्रीन, म्हणजे होलभोवतीचं आखूड गवताचं मैदान, मुद्दामच कललेलं बांधतात, आणि शेकडा एक-दोनचा तो कल आपल्या डोळ्यांना दिसत नाही, चेंडूला बरोबर कळतो. त्यात चेंडू वेगात असतो तोवर गुमान सरळ जातो आणि वेग मेला की ऐन होलच्या तोंडाशी वळतो. म्हणून उतार वाचायचा तर शेवटच्या हातभराचा, असं जाणकार सांगतात. तेव्हापासून मी होलला प्रदक्षिणा घालतो. पुण्य लागत असेल, पट लागत नाही.

सल्लागार मात्र उदंड. एक म्हणाला, पटर (पट मारायची काठी) दोन बोटांत लोंबता धर आणि एक डोळा मिटून बघ. पटर अगदी सरळ लोंबला. त्याबद्दल माझी तक्रार नव्हतीच. दुसरा म्हणाला, गवताची चमक बघ. चकाकलं तर पाती पलीकडे झुकलेली, चेंडू पळणार. काळपट दिसलं तर पाती अंगावर येतायत, जरा जोर लाव. तेवढ्यात ढग आला.

मग कुणीतरी मार्क स्वीनीची एमपॉइंट पद्धत शिकवली. लाइनीच्या, म्हणजे चेंडूच्या होलकडच्या वाटेच्या, दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभं राहायचं, भार कोणत्या तळपायावर जास्त पडतो ते जोखून उताराला आकडा द्यायचा, आणि हात लांब करून होलच्या कडेला तेवढी बोटं धरून नेम ठरवायचा. डोळे फसवतात, पाय नाही, असं तत्त्व. पण माझा डावा गुडघा दुखरा असल्यामुळे भार कायम उजव्या पायावर. साहजिकच जगातली यच्चयावत ग्रीन्स उजवीकडे उतरतात.

2013 च्या मास्टर्स या मोठ्या स्पर्धेत, बरोबरी फोडणाऱ्या प्लेऑफच्या निर्णायक पटला अंधारून आलं होतं. अ‍ॅडम स्कॉटला लाइन नीट दिसेना, तेव्हा त्याने कॅडी (बॅग वाहणारा आणि सल्ला देणारा मदतनीस) स्टीव्ह विल्यम्सला बोलावलं. निदान दोन कप, असं विल्यम्सने सांगितलं आणि पट पडला. मी भर उन्हात माझ्या सोबत्याला विचारतो. तो घड्याळ बघत म्हणतो, "सरळच आहे रे, मार." त्याचंही खरं आहे. पाळी आल्यावर 40 सेकंदांत फटका मारावा अशी नियमांचीच शिफारस आहे, आणि माझी तेवढी तर प्रदक्षिणेतच जातात.

चुकण्यातही इथे वर्णव्यवस्था आहे. उताराच्या खालून हुकलात तर हौशी. वरून हुकलात तर 'प्रो साइड', कारण वरचा चेंडू ओघळून निदान पडू तरी शकतो. परवा मी चक्क वरून हुकलो. सोबत्याने टाळी दिली, "क्या बात है, प्रो साइड!" स्कोअरकार्डवर त्याचा रकाना कुठे दिसेना. मागची बाजूही बघितली.