गोलकीपरच्या हातात बॅट

शेवटी महापालिकेच्या निवडणुकीसाठी चिन्ह मिळालं. बॅट.

मी शिट्टी मागितली होती. फुटबॉल खेळलेल्या माणसाला शोभली असती आणि प्रचारात वाजवताही आली असती. पण ती आणखी एकाला हवी होती, चिठ्ठी निघाली, त्याचं नशीब. मला बॅट. कोल्हापुरात, तेही पेठेत, गोलकीपर बॅट घेऊन दारोदार फिरणार! ग्रुपवर टाकलं तर पहिला मेसेज, "भावा, अर्ज मागं घ्यायची मुदत संपली काय?" संपली. आता १५ जानेवारी २०२६ च्या मतदानापर्यंत मी आणि बॅट.

अर्ज भरल्यापासून लोक दोनच प्रश्न विचारतात. कुठल्या पक्षाकडनं, आणि कुठल्या तालमीचा. पहिल्याचं उत्तर सोपं आहे, अपक्ष. दुसऱ्याचं उत्तर इथं लिहीत नाही. लिहिलं की निम्मा प्रभाग ही पोस्ट न वाचता पुढं जाईल.

बाहेरगावच्या मित्रांना हे कळणार नाही म्हणून सांगतो. आमच्याकडं फुटबॉल संघांची नावंच पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम अशी. आधी कुस्तीची लाल माती होती, मग चेंडू आला. त्याच तालमीत गणपती बसतो, पूर आला की तिथनंच पोरं बाहेर पडतात, भावाभावांची भांडणं तिथंच मिटतात, आणि मत कुणाला द्यायचं हेही बऱ्याचदा तिथंच ठरतं. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठेतली दुकानं लवकर बंद होतात. एकाच घरात सासू एका संघाची आणि सून दुसऱ्याची, असं असलं की त्या संध्याकाळी घरात जेवण वाढतात, बोलत नाहीत.

परवा एका आजोबांच्या दारात गेलो. पत्रक हातात घेतलं, चष्मा लावला, फोटो बघितला, मग माझ्याकडं बघितलं. "तू त्यो नव्हं का, फायनलला हातातनं बॉल सोडलेला?"

व्हय आजोबा, मीच त्यो. २००९ ची गोष्ट. साधा, पोटावर आलेला बॉल होता. सतरा वर्षं होत आली, तरी प्रभागातल्या प्रत्येक तिसऱ्या घरात मला त्याचा हिशोब द्यावा लागतोय. आणि खरं सांगू का, मला त्याचं वाईट वाटत नाही. उलट वाटतं, एका चुकलेल्या बॉलचा एवढा चोख हिशोब ठेवणारं हे गाव, मैदानाचा हिशोब का ठेवत नाही?

माझ्या मते कारण जुनं आहे, आणि ते आपल्या अभिमानाशीच जोडलेलं आहे. शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, १९१२ साली खासबाग कुस्ती मैदान उभं केलं. पैलवान खाशाबा जाधव १९४८ ला लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हाही खर्च संस्थानानं केला. संस्थान विलीन झालं आणि १९५२ ला हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा चित्र बदललं होतं. वर्गणी गोळा झाली, राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार उभे केले, आणि भारताला वैयक्तिक खेळातलं स्वतंत्र देशाचं पहिलं ऑलिंपिक पदक मिळालं. ही गोष्ट आपण पोरांना अभिमानानं सांगतो. पण डोक्यात राहिला तो आश्रयच. खेळ म्हणजे कुणीतरी मोठ्या माणसानं मेहेरबानी करायची गोष्ट. राजे गेले, त्या खुर्चीत नेते बसले. महाराज स्वतःच्या खजिन्यातनं देत होते. हे आमच्याच घरफाळ्यातनं देतात, आणि हार आपणच घालतो.

निवडणूक जवळ आली की चषकांना पूर येतो, हे कुणाला सांगायला नको. महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० ला संपली, पाच वर्षं प्रशासक. एवढ्या काळात चषक काय थांबले नाहीत. फ्लेक्सवर 'माजी' हा शब्द मुंगीएवढा आणि 'नगरसेवक' हत्तीएवढा. बक्षीस समारंभाला स्टेजवर तीस माणसं, खेळाडू खाली रांगेत, मेडल गळ्यात पडेपर्यंत घाम वाळून अंगावर मीठ.

मी काय धुतल्या तांदळाचा नाही. आमच्या संघाला एकदा एका नेत्यानं पूर्ण किट दिलं. जर्सीच्या पाठीवर नंबरापेक्षा त्याचा चेहरा मोठा. मी घातली. अख्खा हंगाम घातली. वर त्याच्या वाढदिवसाला आम्ही अकरा जण तीच जर्सी घालून फोटोला उभे राहिलो. त्याच हंगामात सरावाच्या मैदानावर कुणाच्या तरी सभेचा मांडव पडला. मांडव निघाला, खांबांचे खड्डे राहिले. आमच्या लेफ्ट बॅकचा घोटा त्यात गेला, तो परत कधी खेळला नाही. खड्डे आम्हीच घमेल्यानं माती आणून बुजवले, खिळे वेचून खिशात भरले. त्या दिवशी अंगात जर्सी तीच होती. हे मला कळायला पुढं लई वर्षं लागली.

जर्सीवरनं आठवलं. केएसएकडं, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडं, एका संघातनं नोंदणी झाली की हंगामात मध्येच दुसऱ्या संघाकडनं खेळता येत नाही. सतरा वर्षांच्या पोराला हा नियम आहे. नगरसेवकांसाठीसुद्धा १९८६ चा पक्षांतरबंदीचा कायदा आहे, नाही असं नाही. पण पाच वर्षं सभागृहच नव्हतं, त्यामुळं तो लागायचा कुणाला? या काळात काहींनी इतक्या जर्सी बदलल्या की घरच्यांनाही विचारावं लागत असेल, आज कुठल्या रंगाची इस्त्री करू. आणि महापौरपद! तीन-तीन, सहा-सहा महिन्यांच्या वाटण्या. एवढे सब्स्टिट्यूशन तर फिफापण देत नाही.

यंदा भानगड वेगळीच आहे. मागं २०१५ ला ८१ प्रभाग होते, एकाला एक नगरसेवक. चार गल्ल्या फिरलं की झालं. आता प्रभाग २०, नगरसेवक तेवढेच ८१. एकोणीस प्रभागांत चार-चार, एकात पाच. एका प्रभागात पंचवीस-तीस हजार वस्ती. मोठे पक्ष चौघांचं पॅनेल घेऊन येतात, गाड्या, स्पीकर, चार फोटो. मी एकटा, एका जागेपुरता. मावशींना समजावून सांगावं लागतं की बाकीची तीन बटणं कुणाचीही दाबा, माझ्या गटात तेवढी बॅट दाबा. निम्म्या मावशी म्हणतात, एवढं कुठं ध्यानात राहतंय बाळा, तू पॅनेलमध्ये का नाहीस?

काल एका मंडळाची पोरं आली. वीसेक जण. सगळं ऐकून घेतलं, मग एकानं विचारलं, "दादा, जर्सी किती देणार?" म्हटलं, एकही नाही. शांतता. "मग बॉल तरी?" म्हटलं, बॉलही नाही. निवडून आलो तर मैदानावर मांडवाला परवानगी देताना अनामत घ्यायला लावीन, खड्डे बुजवल्याशिवाय ती परत द्यायची नाही. नळाला पाणी, पोरींना सरावासाठी ठरलेली वेळ आणि कपडे बदलायला एक खोली. एवढंच. पोरं एकमेकांकडं बघत उठली. जाताना एक जण मागं वळून म्हणाला, "पोरींच्या खोलीचं बरं हाय. माझी बहीण खेळती."

वीसातलं एक मत धरूया. त्याच्या बहिणीचं वय बसत असेल तर दोन.

घरच्यांनी अजून पूर्ण माफ केलेलं नाही. अर्जाला थकबाकी नसल्याचा दाखला लागतो, तो काढायला गेलो तर वडिलांच्या नावावरची जुनी पाणीपट्टी निघाली. बायको म्हणाली, निवडणुकीचा हा एक तरी फायदा झाला.

उद्या सकाळी सात वाजता तालमीपासून पदयात्रा आहे. चहा आपापल्या घरनं पिऊन या. आणि एक विनंती, कुणाकडं जुनी बॅट असेल तर दहा दिवस वापरायला द्या. घरात शोधलं, चार बॉल, दोन पंप आणि फाटके ग्लोव्हज निघाले. बॅट नाही.