चप्पल घालून नळाला हात लावायचं घर

आमच्या साताऱ्याकडच्या घरी पाहुणा मोरीकडे निघाला की आई सांगायची, "गिझर चालू आहे, चप्पल घालून नळाला हात लाव हं. जरा मुंग्या येतात." वर्षानुवर्षं ऐकत आलो, कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. या दिवाळीत माझी सहा वर्षांची लेक अनवाणीच मोरीकडे पळाली आणि माझ्या पोटात गोळा आला.

दुसऱ्याच दिवशी वायरमनला बोलावलं. घर १९७४ चं. लाकडी बोर्ड, लोखंडी मेन स्विच, फ्यूजचे चिनी मातीचे किटकॅट, सगळं तेव्हाचंच. तेव्हा घरात चार बल्ब, दोन पंखे आणि रेडिओ होता. आज त्याच तारांवर फ्रिज, मिक्सर, वॉशिंग मशीन आणि २००० वॉटचा गिझर. तो एकटाच जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. एक किटकॅट उपसला तर आत फ्यूजच्या बारीक तारेऐवजी तांब्याची जाड, पिळलेली तार. ती बाबांनी घातली होती, फ्यूज सारखा उडतो म्हणून. रात्री गॅसचा कॉक तीनदा तपासणारा माणूस! फ्यूज उडत होता कारण लोड झेपत नव्हता. जाड तार घातल्यावर तो उडायचा थांबला आणि भिंतीतली वायर तापू लागली. तिच्यावरचं रबर आता बोटाने चुरडलं जात होतं. अर्थिंगचा कोळसा-मिठाचा खड्डा अंगणातल्या फरशीखाली गडप, तार गंजून तुटलेली. म्हणून गिझरमधून गळणारा करंट जमिनीत जाण्याऐवजी नळात उतरत होता.

"एमसीबी आहे ना, मग काळजी नाही," असं मीही म्हणायचे. एमसीबी म्हणजे जादा करंट वाहिला की आपोआप पडून पुरवठा तोडणारा स्विच. पण १६ अँपिअरचा एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. माणसाचा जीव जायला एका अँपिअरचा दहावा हिस्साही पुरतो, तेवढ्याने एमसीबी हलतही नाही. त्यासाठी सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. फेजच्या तारेतून आत गेलेला करंट न्यूट्रलच्या तारेतून तेवढाच परत आला नाही, की तो क्षणात पुरवठा तोडतो. जुन्या वायरिंगवर तो सारखा पडतो. "काढून टाका ताई, नुसता वैताग," हा सल्ला मलाही मिळाला. कृपा करून ऐकू नका. तो पडतोय म्हणजे घरात कुठेतरी करंट गळतोय. ती जागा शोधून द्या म्हणावं. आणि काम लायसन्सवाल्याकडूनच करून घ्या.

हॉलचं पीओपी करताना आम्ही खर्चाचा विचार केला नव्हता. वायरिंगचा विषय निघाला की मात्र "चालतंय की अजून". याचं मला फार वाईट वाटतं.

वायरिंग आणि अर्थिंग आता नवं झालं. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण आई दर संकष्टीला न चुकता दाबते. मोरीत जाताना मात्र अजूनही आधी चप्पल शोधते.